खोली रिकामी, तरी चौथ्याला जागा नाही

क्रूझचं बुकिंग घरबसल्या करायला बसलं की पहिला खटका बहुधा एकाच ठिकाणी उडतो. साइटवर दोन प्रौढ टाकले की बाल्कनीच्या केबिन रांगेनं दिसतात. मग दोनाचे चार केले, मुलांची वयं भरली, की त्याच जहाजावर, त्याच तारखेला ‘उपलब्ध नाही’. मागे खुर्ची ओढून बसलेले आजोबा म्हणतात, “अगं, आत्ता तर दिसत होत्या! मोबाइलवरून बघ बरं.” मोबाइलवरही तेच. मग कोणी म्हणतं साइट गंडली आहे, कोणी म्हणतं ही भाव वाढवायची नाटकं आहेत. या साइट फार गुणाच्या असतात असं नाही, पण ‘उपलब्ध नाही’ म्हणताना त्या सहसा खरं बोलत असतात.

हॉटेलात आपण खोली घेतो आणि जास्तीची गादी मागतो. जहाजावर सगळा हिशेब माणशी चालतो: भाडं माणशी, कर माणशी, टिप माणशी आणि जीवनौकेतली जागाही माणशी. बुकिंगमधले बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात.

“केबिन रिकामी आहे, मग एक जण वाढला तर काय बिघडलं?”

पहिली अडचण खाटांची. साध्या केबिनमध्ये दोन खाटा असतात, त्या जोडून एक डबलबेड होतो. तिसऱ्या-चौथ्या माणसाची सोय भिंतीतून किंवा छतातून उघडणाऱ्या बर्थवर नाहीतर सोफा-कम-बेडवर. हे बर्थ केबिन बांधतानाच बसवलेले असतात. संध्याकाळी तुम्ही जेवायला गेलात की केबिन सांभाळणारा कर्मचारी येतो, कुलूप काढून बर्थ खाली ओढतो, चादर घालतो, शिडी अडकवतो. सकाळी पुन्हा सगळं छतात जातं. ज्या केबिनमध्ये हा बर्थ नाही, तिथे कितीही विनवण्या केल्या तरी तो येणार नाही. चार जण झोपू शकतील अशा केबिन कमी असतात, पाच जणांच्या तर फारच कमी. आई, बाबा आणि तीन मुलं या घराला ‘उपलब्ध नाही’ इतक्या वेळा दिसतं, त्याचं कारण हेच.

जहाज कुठल्या काळातलं, यावरही बरंच अवलंबून असतं. सप्टेंबर २०२१मध्ये कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या मुंबईहून फेऱ्या सुरू झाल्या त्या ‘एम्प्रेस’वर. ही बोट १९९०ची, आधी रॉयल कॅरिबियन कंपनीकडे होती. त्या काळातल्या साध्या केबिन आजच्या मानानं लहानच. याउलट डिस्नेनं १९९८मध्ये ‘डिस्ने मॅजिक’ आणली ती मुळात मुलाबाळांची घरं डोळ्यांसमोर ठेवून. तिच्या बऱ्याच केबिनमध्ये संडास एकीकडे आणि न्हाणीघर दुसरीकडे अशी विभागणी आहे. सकाळी आठला चौघांना एकाच वेळी आवरायचं असतं तेव्हा याची किंमत कळते.

दुसरी अडचण जीवनौकेची, आणि ती सहसा कोणी ग्राहकाला सांगत नाही. ‘टायटॅनिक’ १९१२मध्ये बुडाली तेव्हा तिच्यावर सुमारे २२०० माणसं होती आणि २० जीवनौकांत मिळून जागा होती ११७८ जणांची. त्यानंतर १९१४मध्ये समुद्रावरील जीवसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या आजच्या नियमांनुसार जहाजावरच्या प्रत्येकासाठी जीवनौकेत किंवा तराफ्यात जागा असावीच लागते. संकटात कुठे जमायचं तेही तुमच्या केबिनवरून आधीच ठरलेलं असतं. जहाजावर चढल्यावर लहान मुलांच्या मनगटावर पट्टी बांधतात, तिच्यावर हीच जागा लिहिलेली असते. म्हणजे जहाजाच्या एका भागातली डोकी भरत आली, की त्या भागात चार बर्थची केबिन मोकळी असूनही ती दोघांनाच मिळते. साइटवर मात्र यातलं काही दिसत नाही. नुसतं ‘उपलब्ध नाही’.

आकड्यांत बघायचं तर ‘आयकॉन ऑफ द सीज’ घ्या. २०२४मध्ये सुरू झालेल्या या जहाजात २८०५ केबिन आहेत. प्रत्येकीत दोघं धरले तर ५६१० प्रवासी होतात. जास्तीत जास्त प्रवासी ७६००. म्हणजे केबिनमागे सरासरी तीनसुद्धा नाहीत. मे महिन्यात, दिवाळीत, नाताळात मुलांसह घरंच्या घरं येतात तेव्हा आधी संपतात त्या या वरच्या जागा.

म्हणून “आत्ता आपण दोघांचं करून ठेवू, मुलांची नावं नंतर घालू” हा बेत धोक्याचा. केबिन चौघांची असली तरी मुलांची नावं घालेपर्यंत त्या भागातली मोजणी भरली, तर कंपनी नाही म्हणते आणि तो नियम कोणासाठी वाकवता येत नाही. हीच गत तान्ह्या बाळाची. मांडीवर बसणारं, आईजवळ झोपणारं बाळही मोजणीत एक माणूसच. त्यात बहुतेक कंपन्या सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला घेतच नाहीत. महासागर ओलांडणाऱ्या लांब सफरींना ही अट बारा महिन्यांची असते. माणसं किती, हे पहिल्याच पानावर खरं भरावं.

“मुलं फुकट लिहिलं होतं, मग हे पैसे कसले?”

जाहिरातीतला ‘इतक्यापासून’ हा भाव एका माणसाचा असतो, आणि तोही केबिनमध्ये दोघं आहेत असं धरून. एकटा माणूस गेला तर त्याला बहुधा दुसऱ्याचंही भाडं भरावं लागतं. त्याच केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्याला भाडं कमी, आणि ‘मुलं फुकट’ची योजना असेल तर माफ. पण माफ होतं ते भाडं. बंदरांचे आकार आणि कर प्रत्येक डोक्यावर लागतातच.

कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४पासून जाहिरातीतच सक्तीचे आकार धरून किंमत दाखवण्याचा कायदा लागू झाला, तेव्हापासून मोठ्या कंपन्या अमेरिकी साइटवर कर आणि बंदर-आकार मिळवून भाव लिहू लागल्या. टिप मात्र त्यातही धरलेली नसते. मोठ्या अमेरिकी जहाजांवर ती रोजची, माणशी, आपोआप खात्यात पडते आणि बऱ्याच ठिकाणी मुलांनाही पूर्ण लागते. माणशी रोज १८ डॉलर धरले तर चौघांचे सात रात्रींचे ५०४ डॉलर होतात. दोन कंपन्यांची तुलना करायची तर पहिल्या पानावरचे भाव बघण्यात अर्थ नाही. दोन्हीकडे पैसे भरण्याच्या आधीच्या पानापर्यंत जायचं, टिप वेगळी मांडायची आणि मग बेरजा समोरासमोर ठेवायच्या. कंटाळवाणं काम आहे, पण इलाज नाही.

“एकाच केबिनमध्ये सगळे म्हणजे सगळ्यात स्वस्त”

बहुतेक वेळा खरं, पण नेहमी नाही. दोन केबिन घेतल्या की मुलंही आपापल्या केबिनमधल्या पहिल्या दोघांत मोजली जातात, म्हणजे मोठ्यांच्या भाड्यात जातात. पण आतल्या, खिडकी नसलेल्या दोन केबिन आणि बाल्कनीची चौघांची एक केबिन यांचे भाव कधी कधी फार लांब नसतात, आणि दोन केबिन म्हणजे दोन न्हाणीघरं. साइट ही तुलना आपण होऊन मांडत नाही. एकदा चौघांचं आणि एकदा दोन-दोनांचं असा शोध आपल्यालाच घ्यावा लागतो.

खरी गंमत सहा जणांच्या घरात आहे: आई-बाबा, दोन मुलं, आजी-आजोबा. बहुतेक जण आपसूक चार आणि दोन असा शोध घेतात, आणि चौघांची केबिन नाही म्हणून अडतात. आता भाड्याचं गणित बघा. चार-दोन केलं तर पूर्ण भाड्याचे प्रवासी चार आणि सवलतीचे दोन. तीन-तीन केलं तरी पूर्ण भाड्याचे चार आणि सवलतीचे दोनच. एकाच प्रकारच्या केबिन असतील तर बेरीज तीच, आणि तिघांची केबिन चौघांच्या केबिनपेक्षा सहज मिळते. एका केबिनमध्ये आई-बाबा आणि धाकटा, दुसरीत आजी-आजोबा आणि थोरली, म्हणजे ‘मुलं फुकट’चा लाभही दोन्हीकडे. थोरलीला आजीजवळ झोपायचं नसेल तर हा प्रश्न साइटचा नव्हे, घरचा.

यातच वयाची अट येते. मुलांना शेजारच्या केबिनमध्ये ठेवायचं म्हणून दुसऱ्या केबिनवर फक्त मुलांची नावं भरली तर साइट पुढेच सरकत नाही. प्रत्येक केबिनमध्ये एक प्रौढ हवा, आणि प्रौढ कोणाला म्हणायचं ते कंपनी आणि मार्ग ठरवतात. रॉयल कॅरिबियनच्या उत्तर अमेरिकेतून सुटणाऱ्या सफरींना २१ वर्षं पूर्ण लागतात, युरोप-आशियातल्या सफरींना १८. शेजारच्या किंवा मधल्या दाराच्या केबिनमध्ये मुलं आणि लगतच्या केबिनमध्ये आई-वडील, ही सूट कंपन्या देतात, पण साइटच्या फॉर्ममध्ये ती मिळेलच असं नाही. सोपा मार्ग म्हणजे कागदावर आई एका केबिनमध्ये, बाबा दुसरीत, दोघांसोबत एकेक मूल. रात्री कोण कुठे झोपतं याची चौकशी करायला कोणी येत नाही. जमण्याची जागा मात्र ज्याच्या नावावर जी केबिन, तिच्याप्रमाणेच राहते, हे मुलांना नीट समजावून ठेवावं.

“शेजारच्या केबिन म्हणजे आतून दार”

नाही. शेजारच्या म्हणजे नुसत्या लगतच्या. आतून दार असलेल्या केबिन वेगळ्या आणि मोजक्या. डेकच्या नकाशावर त्या छोट्याशा खुणेनं दाखवलेल्या असतात, खुणेचा अर्थ नकाशाच्या कडेला बारीक अक्षरात असतो. बऱ्याच साइटवर अशी जोडी शोधायची सोयच नसते. एक केबिन धरून ठेवेपर्यंत दुसरी जाते. इथे सरळ फोन करावा. आणि अशा दाराची केबिन चुकून एकटीच घेतलीत, तर पलीकडच्या अनोळखी कुटुंबाची भांडणं दाराच्या फटीतून ऐकायची तयारी ठेवा.

‘केबिन आम्ही निवडू’ या स्वस्त पर्यायात दोन केबिन घेतल्या, तर त्या जवळजवळ येतील याची हमी नसते. एक चौथ्या डेकवर पुढे, दुसरी नवव्यावर मागे, असं होऊ शकतं. मोठ्यांना चालेल, सात वर्षांच्या मुलाला घेऊन जाणाऱ्यांनी या स्वस्ताईच्या वाटेला जाऊ नये.

“शेवटी शेवटी भाव पडतात, थांबू या”

पडतात, पण दोघांच्या केबिनचे, आणि शाळा सुरू असतानाच्या तारखांना. चौघांच्या केबिन आधी संपतात, सुट्टीच्या तारखांना तर फारच आधी. निवृत्त जोडप्यानं थांबावं. शाळेच्या सुट्ट्यांना बांधलेल्या घरानं थांबून हाती काही लागत नाही.

“सारखं बघितलं की साइट ओळखते आणि भाव वाढवते” हाही एक लाडका समज. भाव सहसा हलतो तो त्या दरातल्या केबिन संपल्यामुळे. शिवाय एक गोष्ट आपण स्वतःच करतो. निवडलेली केबिन साइट थोडा वेळ आपल्यासाठी अडवून ठेवते. मग आपण दुसरी खिडकी उघडतो, भाऊजी नागपुराहून त्यांच्या लॅपटॉपवर बघतात, आणि दोघांनाही तीच केबिन ‘गेली’ असं दिसतं. ती आपणच अडवलेली असते. एकानंच बसावं, एकाच खिडकीत, सगळ्यांचे पासपोर्ट हाताशी घेऊन. नाव पासपोर्टावर जसं आहे तसंच भरावं: वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव तिथे असेल तर इथेही, सुनेचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर तेच. एका केबिनमध्ये आडनावं वेगळी असली तरी कोणाची हरकत नसते.

एजंटाकडून केलेलं बुकिंग कंपनीच्या साइटवर दिसतं, पण त्यात बदल बहुधा एजंटच करू शकतो. कंपनीला फोन लावला तर ती परत त्याच्याकडेच पाठवते. उलट, एजंटांनी आधी घेऊन ठेवलेल्या केबिनमध्ये कधी कधी चौघांची एखादी असते, साइटवर नसली तरी. दोन्ही दारं ठोठावावीत.

“एक जण गळला तर त्याचे पैसे परत मिळतील”

सफरीच्या साधारण ७५ ते ९० दिवस आधी पूर्ण रक्कम भरावी लागते. त्यानंतर रद्द केलं तर कापणी सुरू होते आणि सुटायच्या तारखेजवळ ती शंभर टक्क्यांवर जाते. पण कापणी लागायच्या आधीही एक मेख आहे. वरच्या तीन-तीनच्या वाटणीत आजोबांचा गुडघा ऐन वेळी दुखावला आणि ते थांबले, की थोरली नात तिसऱ्या जागेवरून दुसऱ्या जागेवर येते. तिची सवलत जाते, पूर्ण भाडं लागतं. आजोबांचं भाडं सुटलं आणि नातीचं चढलं, की परत मिळते ती वजाबाकी: आजोबांचे कर, बंदराचे आकार, आणि झालीच तर आणखी थोडी रक्कम. नाव काढण्याआधी फोनवर नवी बेरीज विचारून घ्यावी, आणि ती ईमेलवर लिहून मागावी.