बंपर वाचवायचा कसा? लोखंडी गार्डने नव्हे, शिस्तीने!

भीमाशंकर - प्रतिनिधी

श्रावणी सोमवार असो वा महाशिवरात्र, भीमाशंकरला येणारा भाविक आता मोठ्या प्रमाणावर स्वतःची मोटार घेऊन येतो. पुण्याहून सुमारे ११० किलोमीटरचे अंतर, अखेरच्या टप्प्यात अभयारण्यातला अरुंद रस्ता, त्यातच धुके आणि पाऊस. दर्शन घेऊन परतावे, तर बंपरच्या कोपऱ्यावर ओरखडा उमटलेला असतो आणि धक्का देणारा केव्हाच पसार झालेला असतो. पुण्यातील पेठा आणि दादरच्या गल्ल्यांत रोज येणारा हा अनुभव डोंगरावरही चुकत नाही. यावर उपाय म्हणून अनेक जण पुढे-मागे लोखंडी गार्ड बसवितात. हा उपाय बेकायदा तर आहेच, पण जीवघेणाही ठरू शकतो.

बंपर नेमका कशासाठी?

जुन्या प्रीमिअर पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसडर मोटारीला क्रोमचा मुलामा दिलेला पोलादी बंपर असे. आजच्या मोटारीत बाहेरून दिसते ते केवळ प्लॅस्टिकचे आवरण. त्यामागे धक्का शोषणारा थर आणि त्याच्याही मागे चासीला जोडलेली मजबूत आडवी पट्टी असते. आवरणाने वाकावे, प्रसंगी तुटावे, पण धक्क्याचा जोर आत पोहोचू देऊ नये, अशी ही रचना आहे.

ही रचना मंद वेगासाठी असते. अमेरिकेने १९७३ च्या मॉडेलपासून पुढच्या बंपरसाठी ताशी ५ मैलांच्या धडकेची चाचणी आणली. १९८२ मध्ये ही मर्यादा अडीच मैलांवर आणली गेली. युरोपातील चाचणीचा वेग ताशी ४ किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालण्याएवढा. अशा धडकेनंतर दिवे आणि दारे नीट चालावीत, हा त्या चाचणीचा हेतू आहे. रंग शाबूत राहावा, हा नव्हे.

गार्ड का नको?

लोखंडी गार्ड थेट चासीला जोडला जातो. त्यामुळे धडकेचा जोर शोषला न जाता आतल्या प्रवाशांपर्यंत पोहोचतो. एअरबॅग उघडण्याचा निर्णय धडकेच्या तीव्रतेवरून होतो. गार्डमुळे हे गणितच बिघडू शकते. समोर आलेल्या पादचाऱ्याला तर प्लॅस्टिकऐवजी लोखंडाचा मार बसतो. गर्दीच्या यात्रास्थळी हा धोका अधिकच गंभीर. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग ठरतात, असे स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वाहनातील अशा बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. कोपऱ्यांवर चिकटविण्याच्या रबरी पट्ट्या मात्र किरकोळ ओरखड्यांना पुरेशा ठरतात.

उतारावर काय करावे?

शहरातील सपाट रस्त्यावर जी चूक खपून जाते, ती डोंगरावर खपत नाही. सैल हँडब्रेकवर सोडलेली मोटार हळूहळू घसरते आणि मागच्या मोटारीवर टेकते. म्हणून हँडब्रेक पूर्ण ओढावा; तोंड चढाकडे असल्यास पहिला, उताराकडे असल्यास रिव्हर्स गिअर टाकावा; चाकाला दगडाची उटी लावावी आणि निघताना तो दगड आठवणीने रस्त्याबाहेर टाकावा.

याखेरीज काही पथ्ये शहरात आणि यात्रेत सारखीच उपयोगी आहेत. वळणावर किंवा रांगेच्या टोकाला मोटार लावू नये. वळणाऱ्या वाहनांचा धक्का प्रथम तिलाच बसतो. एसटी बस जिथे वळते ती जागा मोकळी सोडावी. पुढे-मागे किमान एका पावलाचे अंतर ठेवावे. जागेत उलटी शिरून तोंड बाहेर ठेवावे. निघताना समोरचे स्पष्ट दिसते. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत, परंतु त्यांवर चिखल बसला तर भरवसा धरता येत नाही. पावसाळ्यात ते पुसूनच गाडी मागे घ्यावी. गर्दीच्या दिवशी मंदिराजवळ जागा मिळविण्याचा हट्ट सोडून वाहनतळावर मोटार ठेवावी आणि पुढे बसने जावे, हे सर्वांत उत्तम.

विम्याचा हिशेब

बंपर फुटल्यावर विमा आहेच, असे अनेकांना वाटते. सर्वसाधारण पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. समजा, नवा बंपर ८००० रुपयांचा आहे. त्यातले ४००० घसाऱ्यात गेले. १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीची सक्तीची वजावट १००० रुपये. म्हणजे सुट्या भागापोटी हाती आले ३०००. शिवाय दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत गेली. ही सवलत पहिल्या वर्षानंतर २० टक्के असते आणि सलग पाच वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत पोहोचते. त्यामुळे लहान ओरखडा पदरच्या पैशाने दुरुस्त करणे पुष्कळदा स्वस्त पडते. घसाऱ्याची कपात टाळणारे जादा संरक्षण घेतले असल्यास हिशेब बदलतो, पण सवलतीचा विचार तेव्हाही करावा.

धक्का आपल्याकडून लागला तर?

येथे कायदा स्पष्ट आहे. अपघातात दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले आणि जागेवर पोलीस नसेल, तर चालकाने शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांच्या आत, जवळच्या पोलीस ठाण्यात माहिती द्यावी, असे कलम १३४ सांगते. प्रत्यक्षात थोडे थांबून मालकाची वाट पाहिली किंवा काचेवर नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवली, तरी निम्मे भांडण मिटते. ज्याचे नुकसान झाले त्याने मोटार हलविण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत, दुसऱ्या वाहनाचा क्रमांक टिपावा.

बंपर हा मुळातच झिजण्यासाठी, तुटण्यासाठी बनविलेला भाग आहे. त्याला लोखंडाचे चिलखत घालून आतल्या माणसांचे संरक्षण कमी करण्यापेक्षा एक पाऊल अंतर सोडणे केव्हाही शहाणपणाचे.