रूपाचा न्यूनगंड : घरातच रुजणारे दुःख

विवाहासाठी तयार केलेल्या बायोडाट्यात उंची, शिक्षण, व्यवसाय यांच्या जोडीला 'वर्ण' असा एक रकाना असतो. त्यात 'गोरा' किंवा 'गव्हाळ' सहज लिहिले जाते. 'सावळा' लिहिताना मात्र आईवडिलांचा हात अडखळतो. घरातील मुलगी तो अडखळलेला हात पाहत असते. कोणीही दुष्टपणे न बोलता रूपाविषयीच्या न्यूनगंडाचे बीज असे पेरले जाते.

विठ्ठलवाडी, उल्हासनगर, कल्याण या पट्ट्यातील व्यापारी कुटुंबांत नातीगोती घट्ट आहेत. दुकानात, मंदिरात, लग्नकार्यात तीच माणसे पुन्हा पुन्हा भेटतात. हा जिव्हाळा मोलाचा. पण त्याच जिव्हाळ्यापोटी 'किती जाड झालीस!', 'केस विरळ झाले की रे, आता मुलगी कोण देणार?' असे उद्गार निघतात. बोलणारा ते विसरून जातो. ऐकणाऱ्याच्या मनात ते वर्षानुवर्षे घर करतात.

मग वागणे बदलते. मुलगा गल्ल्यावर बसणे टाळतो. मुलगी छायाचित्रात मागे उभी राहते, जेवण कमी करते, सतत आरसा पाहते किंवा आरसाच टाळते. टाळल्याने क्षणभर हायसे वाटते. परंतु 'लोक आपल्याला हसतील' ही समजूत खरी की खोटी, हे पडताळण्याची संधीही हुकते. त्यामुळे भीती अधिकच पक्की होते.

इतरांना जेमतेम दिसणारे किंवा न दिसणारे व्यंग मनाला रात्रंदिवस छळू लागले, तर तो आजार असतो. इटलीचे मनोविकारतज्ज्ञ एन्रिको मोर्सेली यांनी १८९१ मध्ये त्याचे वर्णन केले. आज त्याला 'बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर' म्हणतात. तो बहुधा किशोरवयात सुरू होतो आणि मुलग्यांनाही होतो. सौंदर्यशस्त्रक्रियेने त्याचे समाधान सहसा होत नाही, कारण दुखणे चेहऱ्यात नसून चेहऱ्याकडे पाहणाऱ्या मनात असते. विचार आणि वर्तन बदलणारी मानसोपचारपद्धती, तसेच आवश्यक तेथे औषधे यांनी मात्र गुण येतो.

१९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली' क्रीमच्या नावातून 'फेअर' हा शब्द २०२० मध्ये गळला. बायोडाट्यातील रकाना अजून गळायचा आहे.

आपल्या परंपरेने आठ मदांमध्ये रूपमदाची गणना केली आहे. रूपाचा गर्व आणि रूपाची लाज ही एकाच नाण्याची दोन अंगे होत. दोन्हींत माणूस देहाच्या मापानेच स्वतःला तोलतो. गर्वाबद्दल आपण मुलांना सावध करतो. लाजेतून त्यांना सोडवणे हेही आपलेच कर्तव्य नव्हे काय?

मूल लोकांत मिसळणे टाळू लागले, तर 'नखरे' म्हणून ते उडवून लावू नये. 'काहीतरीच तुझे!' असे म्हणण्याऐवजी शांतपणे ऐकून घ्यावे. विठ्ठलवाडीहून थेट लोकलने गाठता येणाऱ्या ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेली 'आयपीएच' ही मानसिक आरोग्य संस्था आहे. शासनाच्या 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते. जगण्यात अर्थ नाही, असे मुलाच्या तोंडून निघाले, तर एक दिवसही थांबू नये.

आणि पुढचा बायोडाटा लिहिताना 'वर्ण' हा रकाना वगळावा. त्याला खर्च नाही, मुहूर्तही लागत नाही.