परदेशची नोकरी आणि हातातील कागद

तुरीच्या एका हंगामाने दगा दिला की आळंद, भालकी, बसवकल्याण या बाजूची तरुण मंडळी गाव सोडतात, हे काही आजचे नव्हे. पूर्वी त्यांची वाट सोलापूरच्या गिरण्यांकडे, मुंबईस अथवा हैदराबादेस जाई. आता ती दुबई, कुवेत, रियाधपर्यंत पोहोचली आहे. परमुलखात कष्ट करून घर सावरणाऱ्यास आम्ही नावे ठेवणार नाही. परंतु मुलगा कोणत्या कागदावर चालला आहे, याची चौकशी घरातील वडीलधारी मंडळी करीत नाहीत, याचा आम्हांस खेद वाटतो.

२०२४ सालची गोष्ट वाचकांस आठवत असेल. मदतनिसाची नोकरी मिळेल या आशेने कलबुर्गीचे काही तरुण दलालास पैसे मोजून रशियास गेले आणि युक्रेनच्या रणभूमीवर जाऊन पडले. याच फसवणुकीत सापडलेला सुरतचा एक तरुण फेब्रुवारीत तेथे मारला गेला. जुलैत पंतप्रधानांनी मॉस्कोत हा विषय काढला, तेव्हा कोठे मार्ग मोकळा झाला; आमच्या जिल्ह्यातील मुले सप्टेंबरात घरी परतली. तितके महिने त्यांच्या आईबापांनी कसे काढले असतील!

दलाल आपल्याच तालुक्यातील, गोड बोलणारा असतो. पण परदेशी कामगार पाठविण्याचा परवाना त्याच्यापाशी बहुधा नसतोच. १९८३ सालच्या कायद्यान्वये असा परवाना सरकार देते आणि परवानाधारकांची यादी सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर कोणासही पाहता येते. सेवाशुल्काची मर्यादाही ठरलेली आहे: ३०,००० रुपये व त्यावरील कर. लाखांची भाषा करणाऱ्यास पावती मागावी. तो तेथेच अडखळतो.

दहावी न झालेल्याच्या पासपोर्टावर ‘ई. सी. आर.’ अशी नोंद असते आणि आखाती देशांसह १८ देशांत नोकरीस जाण्यापूर्वी त्यास सरकारी मंजुरी घ्यावी लागते. ही कटकट चुकविण्यासाठी दलाल त्यास पर्यटकाच्या व्हिसावर धाडतो. मग तेथे पगार थकला तर दाद मागण्यास करार नसतो, आणि कामगार स्वतःच गुन्हेगार ठरतो. दहावी झालेल्यास ही मंजुरी लागत नाही. साहजिकच त्याचा करारही कोणी तपासत नाही. शिकलेला मुलगा या बाबतीत अधिक उघडा पडतो, हे विचित्र खरे!

१२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगफ येथे कामगारांच्या इमारतीस आग लागून ४५ भारतीय मरण पावले. त्यांत कलबुर्गी जिल्ह्यातील एक जण होता. अशा प्रसंगासाठी प्रवासी भारतीय विमा योजना आहे. अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपये मिळतात. हप्ता दोन वर्षांस २७५ व तीन वर्षांस ३७५ रुपये, कर वेगळा. एवढ्यात हल्ली चपलांचा बरा जोडही येत नाही.

करार अरबी व इंग्रजीत, मुलगा शिकला कन्नडात आणि आई बोलते मराठी, अशी आमच्या सरहद्दीवरील घरांची स्थिती. म्हणून सही करण्यापूर्वी तो जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावा: पगार किती, कामाचे तास किती, राहण्याची सोय कोणाची, परतीचे भाडे कोण देणार. कराराची, पासपोर्टाची व व्हिसाची एकेक प्रत घरी ठेवावी. दुबई, रियाध व जेद्दा येथे भारत सरकारची प्रवासी भारतीय सहायता केंद्रे आहेत. त्यांचे दूरध्वनी क्रमांक त्याच प्रतींवर लिहून ठेवावेत, आणि त्या कोठे ठेवल्या आहेत हे घरातील बायकांनाही ठाऊक असावे.