नेमसर्व्हरचा पत्ता

वरळीच्या जांबोरी मैदानालगत, १९२० च्या दशकात सरकारी विकास खात्याने बांधलेल्या बीडीडी चाळीतील ज्या १६० चौरस फुटांच्या खोलीत आमच्या तीन पिढ्या नांदल्या, तिच्या कोपऱ्यातील शिवणयंत्राच्या मेजावर मी सोळा रात्री एक संगणकप्रणाली स्वहस्ते घडवीत होतो. स्वहस्ते म्हणण्याचे कारण असे, की लिनक्स आयता घेण्याचे अनेक सुलभ मार्ग उपलब्ध असता, गेरार्ड बीकमन्स यांनी १९९९ साली आरंभिलेल्या ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ या ग्रंथाच्या आज्ञेबरहुकूम मी कंपायलरपासून कर्नलपर्यंत एकेक अवयव मूळ सोर्सपासून बांधून काढला होता. सतराव्या रात्री यंत्र स्वतःच्या पायावर उभे राहिले. बाहेरच्या जगाला मात्र ते सर्वस्वी पारखे होते.

शेजारचा शाळकरी मुलगा दारातून डोकावून म्हणाला, “काका, वायर बसलीय का नीट?” प्रश्न बाळबोध वाटला, तरी तपासाचा आरंभ तेथूनच करावा लागतो. वायर बसली होती आणि तिच्या खोबणीतला हिरवा दिवा लुकलुकतही होता. परंतु दिव्याची जबानी तारेपुरतीच ग्राह्य धरावी, तिच्यावरून वरच्या दप्तराचा कारभार सुरळीत असल्याचे अनुमान काढू नये, हे मला दोन तास वाया घालविल्यावर उमगले.

‘आयपी लिंक’ हा हुकूम देऊन यंत्राला त्याच्या वेशींची नावनिशी विचारली, तेव्हा त्याने ‘लो’ एवढेच नाव सांगितले. म्हणजे यंत्र ज्या वाटेने केवळ स्वतःशी बोलते, ती १२७.०.०.१ ची आतली वाट. नेटवर्क कार्ड जागेवर असूनही कर्नलच्या लेखी नव्हते. ते कोणत्या घराण्याचे हे सांगणारी ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा मूळ ग्रंथाच्या कक्षेबाहेरची, म्हणून ज्या जुन्या प्रणालीच्या आश्रयाने ही नवी बांधली तिच्याकडेच परत जावे लागले. तिने रिअलटेकची चिप आणि ‘आर८१६९’ हा ड्रायव्हर असा दाखला दिला. कर्नल आटोपशीर ठेवण्याच्या हौसेने मीच तो वगळला होता. ‘मेनूकॉन्फिग’मध्ये खूण केली, कर्नल पुन्हा कंपाइल करावयास लावला आणि पंख्याची घरघर ऐकत पडून राहिलो.

पुढचा घोटाळा नावाचा. माझ्या नेटवर्कच्या फाईलीत कार्डाचे नाव ‘ईटीएच०’. यंत्र त्याला ‘ईएनपी३एस०’ म्हणत होते. पूर्वी कार्डे ज्या क्रमाने सापडत त्या क्रमाने त्यांना नावे मिळत, सबब दोन कार्डांच्या यंत्रात आजचे पहिले उद्या दुसरे होण्याची धास्ती असे; २०१३ पासून कार्डाच्या बैठकीवरून, म्हणजे येथे तीन क्रमांकाची बस आणि शून्य क्रमांकाची खाच यांवरून, नाव पाडण्याची वहिवाट सुरू झाली. ज्या चाळींत पोस्टमन माणसाला इमारतीच्या आणि खोलीच्या आकड्यावरून शोधतो, तेथे वाढलेल्याला ही रीत तरी चटकन समजावयास हवी होती. नाव दुरुस्त करताच ‘पिंग’च्या हाकेला प्रथम राउटरने उत्तर दिले, मग बाहेरच्या जगातल्या ८.८.८.८ नेही, नावाने हाक मारली तेव्हा मात्र कोणी ओ देईना.

आकड्याने पोच आहे आणि नावाने नाही, एवढ्यावरून संशय, नावांचे आकडे कोणत्या नेमसर्व्हरला विचारावेत हे यंत्राला सांगणाऱ्या ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ या एकाच फाईलीवर जावयास हवा होता. तथापि ती मी पुस्तकाबरहुकूम लिहिली आहे या घमेंडीत मी ड्रायव्हर, केबल आणि राउटर यांची नव्याने झडती घेतली, आणि राउटर घडविणाऱ्या अज्ञात कारागिराला यथेच्छ दूषणे दिली. पहाटे, नळाला पाणी येऊन जिन्यावर बादल्यांची वर्दळ सुरू झाली तेव्हा, निरुपायाने ती फाईल उघडली. ती खरोखरच पुस्तकाबरहुकूम होती: जेथे आकडे लिहावयाचे, तेथे ‘तुमच्या मुख्य नेमसर्व्हरचा आयपी पत्ता’ या अर्थाचा इंग्रजी मजकूर मी कोनी कंसांसकट इमानाने उतरवून ठेवला होता. अर्जावर नावापुढे ‘अर्जदाराचे नाव’ असे लिहून देणाऱ्या इसमाला कचेरीत मी स्वतः हसलो आहे.

कंस काढून तेथे राउटरचा पत्ता लिहिला आणि नावे उलगडू लागली. ज्या वाचकांना हा उद्योग करावयाचा असेल त्यांनी पुस्तकातील कोनी कंस दिसताच थांबावे, आणि जुनी चालू प्रणाली निदान महिनाभर तरी पुसू नये.