दुधी काचेचे गाव कोणते?

काचेच्या पारखीवर बोलण्याचा अधिकार आम्हांस कोणा विद्यापीठाने दिलेला नाही. आमची हयात कामगार-संघटनेत गेली. वस्तू हाती आली की ती कोणाच्या हातून घडली, हा प्रश्न आधी मनात येतो. ओपलाइन नावाच्या जुन्या दुधी काचेबाबत तो फार नडतो. फुलदाणी फ्रान्सची म्हटली की किंमत एक, बोहेमियाची म्हटली की दुसरी. आणि विकणारा आपल्या सोयीचे नाव सांगतो.

बोहेमिया म्हणजे आजच्या चेक देशाचा पश्चिमेकडील मुलूख. तिथल्या डोंगरांत लाकूड मुबलक. त्यावर भट्टी पेटे व त्याच्या राखेतून पोटॅश मिळे. म्हणून बोहेमियन काच बहुधा वाळू, पोटॅश व चुना यांची. बाकारा, सँ-लुई या फ्रेंच कारखान्यांची उंची ओपलाइन मात्र शिसे घातलेली. हा फरक तराजूवर पकडता येतो. वस्तू आधी कोरडी तोलावी, मग पाण्यात पुरती बुडवून, आतली हवा काढून, टांगून तोलावी. पहिल्या वजनाला दोहोंतील फरकाने भागले असता अडीचच्या आसपास आले तर शिसे नाही. तीनच्या जवळ गेले तर आहे. (धातूची बैठक जडवली असेल वा सोनेरी नक्षी सुटू लागली असेल, तर हा खटाटोप करू नये.) शिसे नसले म्हणजे बोहेमिया ठरला असे नव्हे, फक्त फ्रेंच उंची मालाचा दावा लटका पडतो.

उजेडासमोर धरताच काच तांबूस झळकली की पुष्कळांना ती फ्रेंच वाटते. ती झळक हाडांच्या राखेची, आणि ती राख बोहेमियातही वापरीत. शिक्क्याचे म्हणाल तर ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर माल 1918 नंतरचा, एवढे निश्चित. त्याआधीचा बहुतेक माल बिनशिक्क्याचा.

खरी गुंतागुंत निराळीच आहे. काच फुंकणारा एका गावी, कापणारा व रंगवणारा दुसऱ्या गावी, अशी तिथली वाटणी होती. नोव्ही बोर, कामेनित्स्की शेनोव या गावी घरोघर रंगकाम चाले. कार्लोव्ही व्हारी येथील मोझर यांचा धंदा 1857 साली सुरू झाला तोदेखील इतरांच्या काचेवर नक्षीकाम करण्याचा. त्यांची स्वतःची भट्टी 1893 सालची. कारखानदाराचे नाव तरी कुठे कुठे सापडते; फुंकणाऱ्याचे सहसा नाहीच. तळाशी ब्रशने लिहिलेला आकडा दिसला तर तोही बहुधा नक्षीचा वा रंगवणाऱ्याचा असतो.

म्हणून कोणी फुलदाणी घेऊन आले की आम्ही कागदावर दोन ओळी लिहून देतो: एक काचेविषयी, दुसरी रंगकामाविषयी. पहिलीपुढे गावाचे नाव घालण्याची वेळ आम्हांवर अजून फारशी आलेली नाही.