वसईच्या धर्मग्रामांतले स्वयंसेवक

वसईच्या कॅथलिक धर्मग्रामांचा (पॅरिशचा) कारभार स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लोकभाषेत आली आणि वाचक, गायक म्हणून सामान्य भाविकांचा सहभाग वाढला. 1973 पासून प्रशिक्षित प्रापंचिकांना ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर) वाटण्याचीही मुभा मिळाली. आजारी माणसाच्या घरी तो त्यांच्या हातूनही पोहोचू लागला, ही फार मोलाची गोष्ट.

सगळ्यांत कमी दिसणारे काम सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे. फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या सोबत्यांनी 1833 मध्ये पॅरिसमध्ये ती सुरू केली. सभासद गरजू कुटुंबाच्या घरी स्वतः जातात, ओट्यावर बसून विचारपूस करतात, मग शिधा, औषधे, शाळेची फी यांची सोय बघतात. मदत घेणाऱ्याचे नाव चारचौघांत उच्चारले जात नाही. सेवेची खरी शान यातच आहे.

नाताळचा गोठा बांधणारे तरुण, पहाटे वेदीवर फुले मांडणाऱ्या बाया, धर्मशिक्षण देणारे शिक्षक, यांपैकी बहुतेकांना मानधन नसते. त्यांच्या कौतुकासाठी मिस्सेत विशेष प्रार्थना होते, सणाच्या दिवशी सत्कार होतो. सेवाभावी संस्थांचे आश्रयदाते संत व्हिन्सेंट डी पॉल यांचा सण 27 सप्टेंबरला असतो.