अर्धी पाटी कंपनीची, अर्धी आपली : रेसच्या गाड्यांनी शिकवलेला धडा



मागच्या व्हिडिओत दुकानाच्या पाटीबद्दल बोलता बोलता मी अमेरिकेतल्या रेसच्या गाड्यांचं नाव काढलं आणि वेळ संपला. विषय अर्धाच राहिला. आज तो पूर्ण करू.

अमेरिकेत स्टॉक कार रेसिंगची नॅसकार नावाची मोठी मालिका आहे. तिथली गाडी म्हणजे धावती पाटीच समजा. बॉनेटवर, दारांच्या जागी, मागच्या बाजूला, जिकडे तिकडे स्पॉन्सरचं नाव आणि स्पॉन्सरचाच रंग. टीमचा बराचसा खर्च या पैशातून निघतो. म्हणजे गाडीवरची जागा हाच त्यांचा माल.

आणि तरीही वर्षातून एकदा, साउथ कॅरोलायना राज्यातल्या डार्लिंग्टन ट्रॅकवर, बऱ्याच टीम रोजचा रंग उतरवतात आणि गाडीला जुन्या काळातला रंग चढवतात. कुणी एखाद्या दिग्गज ड्रायव्हरच्या गाडीचा, तर कुणी स्वतःच्या वडिलांच्या गाडीचा. याला थ्रोबॅक म्हणतात.

हे डार्लिंग्टनलाच का?

हा ट्रॅक १९५० सालचा. त्याचा आकार अंड्यासारखा आहे, एक टोक रुंद आणि एक चिंचोळं. कारण जमीनमालकाने सांगितलं होतं, माझ्या मासळीच्या तळ्याला हात लावायचा नाही. मग ट्रॅकच तळ्याला वळसा घालून गेला! इथली साउदर्न ५०० ही रेस वर्षानुवर्षं सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुट्टीत व्हायची. २००३ नंतर ती तारीख गेली. २०१५ मध्ये परत मिळाली आणि थ्रोबॅकची सुरुवात त्याच वर्षी झाली. जुनी तारीख परत आली, तिच्यासोबत जुने रंगही आले. (२०२१ पासून हा सोहळा डार्लिंग्टनच्याच वर्षातल्या आधीच्या रेसला होतो.)

निळा रंग जाणार नाही

आता मुख्य गोष्ट. रिचर्ड पेटी हे या खेळातलं सगळ्यात मोठं नाव. २०० विजय, ७ अजिंक्यपदं. त्यांची ४३ नंबरची गाडी फिकट निळी. त्या रंगाला लोक 'पेटी ब्लू' असंच म्हणतात. १९७२ मध्ये इंजिन ऑइलमध्ये टाकायची औषधं विकणारी एसटीपी कंपनी स्पॉन्सर म्हणून आली. तिचे प्रमुख अँडी ग्रॅनाटेली म्हणाले, गाडी पूर्ण लाल करायची. पैसा मोठा होता. पण पेटी म्हणाले, निळा जाणार नाही. बोलणी झाली, ओढाताण झाली आणि शेवटी गाडी लाल आणि निळी अशी दोन्ही रंगांची झाली. पुढे तोच लाल-निळा जोड या खेळातली एक मोठी ओळख ठरला. म्हणजे त्या तडजोडीत कंपनीचाही फायदाच झाला.

दुसरं उदाहरण जेफ गॉर्डन यांचं. १९९२ च्या शेवटी त्यांची गाडी इंद्रधनुष्याच्या रंगात उतरली. स्पॉन्सर होती ड्यूपॉन्ट, गाड्यांचे रंग बनवणारी. रंग विकणाऱ्याने गाडीवर रंगच दाखवले! पुढे २०१३ मध्ये कंपनीचा तो व्यवसाय विकला गेला आणि त्याचं नाव अॅक्साल्टा झालं. २०१५ मध्ये, गॉर्डन यांच्या निवृत्तीच्या वर्षी, ब्रिस्टलच्या रेसला इंद्रधनुष्य परत आलं, नव्या नावासह. नाव नवं होतं, पण रंग बघून लोकांनी लगेच ओळखलं.

आता माझी चूक

आमचं हार्डवेअरचं दुकान वडिलांनी, म्हणजे आण्णांनी उभं केलं. पिवळ्या पाटीवर निळी अक्षरं, पेंटरने हाताने काढलेली. बीबीए करून मी गल्ल्यावर बसलो, तेव्हा एका मोठ्या कंपनीचा माणूस आला. "लाइटचा बोर्ड फुकट लावून देतो, साहेब." मी लगेच हो म्हटलं. बोर्ड झकास होता. कंपनीचं नाव चार फुटांचं आणि आमचं खाली कोपऱ्यात, वीतभर. पिवळी पाटी माळ्यावर गेली. आण्णा काहीच बोलले नाहीत.

महिनाभराने गावाकडचे एक जुने गिऱ्हाईक आले. म्हणाले, "दोनदा समोरून गेलो. म्हटलं, आण्णांनी दुकान विकलं वाटतं." आण्णा फक्त हसले. तो हसरा चेहरा मला अजून आठवतो. मित्रांनो, बोर्ड फुकट नव्हता. आण्णांनी तीस वर्षांत कमावलेली ओळख मी त्याच्या बदल्यात दिली होती.

पेटींची गोष्ट मी नंतर वाचली. बोर्ड बदलायची वेळ आली तेव्हा कंपनीच्या माणसाला सांगितलं, अर्धा तुमचा, अर्धा आमचा, आणि आमचा अर्धा पिवळाच राहणार. तो आधी नाही म्हणाला. आठवड्याने तयार झाला. तोवर मला वाटायचं, विचारलं तर बोर्डच हातचा जाईल. खरं तर मी कधी विचारलंच नव्हतं.

तुमच्यासाठी तीन गोष्टी

१. बदलण्याआधी विचारा. दहा जुन्या गिऱ्हाइकांना विचारा, "आमचं दुकान म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं?" जे तीन-चार जण तेच सांगतील, त्याला हात लावू नका. डार्लिंग्टनचं तळं समजा.

२. आधी थोडक्यात करून बघा. आजकाल रेसच्या गाड्यांवर छापील व्हिनाइल चिकटवतात, रेस झाली की काढतात. तुम्हीही वर्धापनदिनाला आठवडाभर जुनी पिशवी, जुनं बिलबुक, जुना फोटो बाहेर काढा. लोक थांबून बोलतात का, ते बघा.

३. गोष्ट नसेल तर जुनेपणाचं सोंग नको. थ्रोबॅकचा रंग चालतो, कारण त्यामागे खरा ड्रायव्हर आणि खरी शर्यत असते. कालच उघडलेल्या दुकानावर 'जुनी परंपरा' लिहू नका. त्यापेक्षा ज्यांच्याकडे काम शिकलात, त्यांचं नाव त्यांना विचारून भिंतीवर लावा. तोही थ्रोबॅकच आहे.

आजचा गृहपाठ : दुकानासमोरचा रस्ता ओलांडा, पलीकडे उभे राहा आणि पाटी बघा. त्यात तुमचं किती आणि दुसऱ्याचं किती, ते मोजा. जे दिसेल ते कमेंटमध्ये लिहा.

आणि हो, माळ्यावरची ती पिवळी पाटी आता गल्ल्याच्या मागे आहे. आण्णा रोज सकाळी तिच्यावरून फडका मारतात.

चला, भेटू पुढच्या व्हिडिओत!